गर्भाशयाच्या प्रगत कर्करोगाचे उपचार : शारीरिक व मानसिक सामना (पलूस परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
पलूस तालुक्यातील ऊस व द्राक्षशेतीचा मोठा भार स्त्रियांच्या श्रमावर उभा आहे. दुखणे अंगावर काढण्याची सवय या श्रमजीवनातूनच जडते. गर्भाशयाला बोलीत ‘पिशवी’ म्हटले जाते. मात्र तिच्या विकारांविषयी घरातही मोकळेपणाने बोलले जात नाही. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही लक्षणे त्यामुळे दुर्लक्षित राहतात आणि अनेकदा निदान होते तेव्हा रोग पुढच्या अवस्थेत गेलेला असतो. निदान लांबविणारे हेच मौन पुढे उपचारांतही अडसर ठरते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

उपचारांचे स्वरूप :
‘पिशवीचा कॅन्सर’ या एका नावाखाली दोन भिन्न आजार येतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग मुख्यतः एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गातून उद्भवतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग प्रामुख्याने पाळी थांबल्यानंतर आढळतो व स्थूलता, मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध आहे. अस्तराच्या कर्करोगात शक्य असल्यास शस्त्रक्रिया व त्यानंतर रसायनोपचार, गरजेनुसार किरणोपचार दिले जातात. गर्भाशयमुखाच्या स्थानिक पातळीवर पसरलेल्या कर्करोगात सुमारे पाच आठवडे किरणोपचार, त्यासोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन आणि शेवटी आतून दिले जाणारे किरण असा क्रम असतो. हा क्रम साधारणतः आठ आठवड्यांत पूर्ण व्हावा लागतो. खंड पडल्यास रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात तिसऱ्या अवस्थेतील ८५० स्त्रियांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किरणांसोबत सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के, तर केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. प्रगत अवस्था म्हणजे आशेचा शेवट नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

शारीरिक सामना :
ओटीपोटावरील किरणांमुळे जुलाब, लघवीची जळजळ व थकवा हे त्रास संभवतात. या काळात मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, ताक, केळी असा आहार सोसतो; तिखट व तेलकट पदार्थ टाळावेत. जुलाब वाढल्यास जलसंजीवनी घ्यावी, परंतु रुग्णालयास न कळविता उपचार थांबवू नयेत. रसायनोपचारानंतर १००.४ अंश फॅरेनहाइट वा अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी घटल्याने साधा संसर्गही जिवावर बेततो. काही औषधांनी हातापायांना बधिरता येते. अशा वेळी चुलीजवळ भाजण्याची व शेतात अनवाणी चालताना जखम होण्याची भीती असते. किरणांनंतर योनिमार्ग आकुंचन पावतो. तो टाळण्यासाठी डायलेटर नावाचे साधन वापरता येते. संकोचामुळे हा प्रश्न विचारलाच जात नाही, म्हणून डॉक्टर वा परिचारिकेने तो आपणहून सांगावा.

मानसिक सामना :
निदान पती वा मुलास सांगून स्त्रीपासून लपविण्याची प्रथा आढळते. हेतू मायेचा असला, तरी परिणाम उलट होतो. किरणोपचार विभागातील बाकावर शेजारणीकडून तिला सारे कळतेच. मग मनातली भीती बोलून दाखविण्यास मात्र कोणी उरत नाही. शिवाय ज्या रुग्णास आजार ठाऊक नाही, ती धोक्याची लक्षणे ओळखणार कशी? तिला पेलवेल अशा शब्दांत, परंतु खरे सांगणे हेच हितावह होय.

‘बाईपण संपले’ ही भावना, अकाली पाळी जाणे, केस गळणे यांमुळे खिन्नता येते. झोप न लागणे, कशातच मन न रमणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार आहेत. कर्करोग स्पर्शाने वा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. पतीने अंतर राखल्यास ती शिक्षा ठरते. शरीरसंबंध केव्हा सुरू करावेत, हे पतिपत्नींनी मिळून डॉक्टरांना विचारावे.

कुटुंब व समाज :
मिरजेत कर्करोगावरील उपचारांची सोय आहे. तथापि आठवड्यातून पाच दिवसांची ये-जा, बुडणारी मजुरी व सोबतीचा प्रश्न यांमुळे उपचार अर्धवट सुटण्याचा धोका असतो. मार्च २०२३ पासून एस.टी. प्रवासात स्त्रियांना ५० टक्के सवलत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांतील कर्करोग उपचारांचा समावेश आहे. उपचारांपूर्वीच याची चौकशी करावी. घरातील व भावकीतील व्यक्तींनी सोबतीच्या पाळ्या लावून घेतल्यास एकावरच भार पडत नाही.

रोग बरा होण्यापलीकडे गेला असल्यास वेदनाशमन हेच उपचाराचे ध्येय ठरते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागेल, या भीतीपोटी रुग्णास वेदनेत ठेवणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :
औषध, किरण व शस्त्रक्रिया रुग्णालय देऊ शकते. उपचार शेवटपर्यंत नेण्याचे बळ घरातून यावे लागते. त्यासाठी प्रथम घरात या आजाराचे नाव उच्चारले जाणे आवश्यक आहे. जी स्त्री आपले दुखणे बोलू शकते, तिचा त्रास वेळीच कळतो. आणि वेळीच कळलेला त्रास बहुधा आटोक्यात ठेवता येतो.