परदेशी दिसणारे घरचे चित्र

मनुष्य पोटासाठी अथवा विद्येसाठी घर सोडून दूरदेशी जातो, तेव्हा तो आपल्याबरोबर कपडेलत्ते नेतो, शिदोरी नेतो, थोडेफार पैसेही नेतो. घर मात्र त्याला बरोबर नेता येत नाही. म्हणून परदेशी पोहोचल्यावर त्याला पहिली तहान लागते ती घरच्या वार्तेची. पाऊस झाला काय, पेरण्या आटोपल्या काय, जत्रेला कोण कोण आले होते, हे त्याला कळावयास हवे असते.

ही तहान जुन्या काळी सहजासहजी भागत नसे. १८३४ पासून मॉरिशस बेटातील उसाच्या मळ्यांवर राबण्याकरिता आपल्या देशातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. गावाकडील पत्र जहाजाने येई आणि त्याचे उत्तर परत पोहोचेपर्यंत कित्येक महिने लोटत. पुष्कळांना लिहिता-वाचता येत नसे; त्यांतील कित्येकांना तर गावाचा निरोप कधी मिळालाच नसेल. त्यांनी घर डोळे मिटूनच पाहिले.

आज स्थिती फार निराळी आहे. समजा, कळंबच्या एखाद्या घरातील मुलगा नोकरीनिमित्त सहकुटुंब लंडनला राहिला आहे. मांजरा नदीकाठच्या या गावात त्याची आई सायंकाळी मराठी बातम्या पाहावयास बसते, त्याच वेळी तोही हजारो किलोमीटरांवर आपल्या मोबाइलच्या पडद्यावर त्याच बातम्या पाहू शकतो. मुलांनो, हे पाहून तीन प्रश्न मनात उभे राहतात. हे चित्र इतक्या दूर जाते कसे? ते मधूनच अडते का? आणि चित्र पोहोचले म्हणजे घर पोहोचले, असे म्हणता येईल काय?

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी उंच मनोऱ्यावरून विद्युतलहरी सोडीत आणि घरावरील अँटेना त्या पकडी. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे काही अंतरानंतर जमीन खाली वळते आणि लहरी वरून निघून जातात. कळंब तर मुंबईपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर! मुंबईच्या मनोऱ्यावरील चित्र कळंबलाच दिसणे अशक्य, तेथे लंडनची काय कथा?

यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधला तो असा, की मनोराच आकाशात नेऊन ठेवावयाचा. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर सोडलेला उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो. म्हणून तो आपल्याला एका जागी स्थिर उभा असल्यासारखा भासतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने अमेरिकेच्या अशाच एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना शेती, आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखविले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु आपल्या धाराशिव जिल्ह्याला लागून असलेल्या कर्नाटकातील गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील खेडी होती. पुढे भारताचे स्वतःचे उपग्रह आले आणि १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी ही खाजगी मराठी वाहिनीही सुरू झाली. तीच आजची झी मराठी होय.

परंतु उपग्रहालाही मर्यादा असते. कंदिलाचा उजेड जसा ठराविक जागी पडतो, तसा उपग्रहाच्या लहरींचा झोतही पृथ्वीच्या ठराविक भागावर पडतो. भारताकडे वळविलेला झोत अमेरिकेत पडत नाही. म्हणून तेथील मराठी कुटुंबे नाटके, चित्रपट आणि घरची लग्नकार्ये यांच्या व्हिडिओ कॅसेटी मागवीत. त्यातही अडचण होती. भारतातील पद्धतीत दर सेकंदास २५ चित्रे दाखविली जात, तर अमेरिकेतील पद्धतीत सुमारे ३०. त्यामुळे भारतात तयार झालेली कॅसेट अमेरिकेतील साध्या यंत्रावर नीट चालत नसे; ती आधी तेथील पद्धतीत उतरवून घ्यावी लागे. बहिणीच्या लग्नाची कॅसेट हाती आली तरी लग्न दिसत नाही, अशी ही अवस्था!

ही अडचण दूर झाली ती इंटरनेटमुळे. भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. या मार्गाने जाणारे चित्र आधी अंकांत रूपांतरित होते. एका सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका तासात ९०,००० चित्रे होतात. ती सर्व जशीच्या तशी पाठवावयाची म्हटली, तर वाट तुंबून जाईल. म्हणून यंत्र एक युक्ती करते. वृत्तनिवेदिका बातम्या सांगत असता तिचे ओठ हलतात, पापण्या लवतात. परंतु मागील भिंत आणि पुढील मेज तेच असते. यंत्र भिंत एकदाच पाठविते आणि पुढे जेवढे बदलले तेवढेच कळविते. नंतर त्या चित्रमालेचे काही काही सेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा ठळक, मध्यम व अंधूक अशा निरनिराळ्या प्रतींत सिद्ध असतो. तुमच्याकडील इंटरनेट जोमात असेल, तर ठळक तुकडा येतो. ते मंदावले, की अंधूक तुकडा येतो. चित्र मधूनच पुसट होते, त्याचे कारण हे होय.

हे तुकडे समुद्र ओलांडतात ते मात्र आकाशातून नव्हे. लोकांची समजूत तशी असते खरी. पण त्यांतील बहुतेक सर्व समुद्रतळाशी टाकलेल्या तारांतून जातात. या तारांच्या पोटात केसासारखे बारीक काचतंतू असतात आणि त्यांतून प्रकाशाचे स्पंद धावतात. मुंबईहून निघालेल्या अशा काही तारा अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून इजिप्तमार्गे भूमध्य समुद्रात उतरतात आणि फ्रान्समधील मार्से येथे किनाऱ्यास लागतात. तेथून पुढे लंडन गाठता येते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे १०,००० किलोमीटरांची वाट तो सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो. ही वाट मात्र नाजूक आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्रात अशा दोन तारा तुटल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांतील इंटरनेट मंदावले होते.

येथे एक गंमत सांगावयास हवी. प्रकाश इतका चपळ असला, तरी थेट प्रक्षेपण इंटरनेटवरून काही सेकंद उशिराच दिसते. कारण चित्र आवळणे, त्याचे तुकडे करणे आणि ते पडद्यामागे थोडे साठविणे यांत वेळ जातो. म्हणून क्रिकेटचा सामना चालू असता कळंबची आजी दूरध्वनीवर ‘बाद झाला!’ असे ओरडते, तेव्हा लंडनच्या नातवाच्या पडद्यावर गोलंदाज कदाचित अजून धावतच असतो.

चित्र पोहोचले, तरी घड्याळ पोहोचत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आषाढी एकादशीला पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे होते. ती अडीच वाजता चालू आहे असे धरा. त्या वेळी लंडनमध्ये आदल्या दिवसाचे रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवसाचे सायंकाळचे पाच. तेथे ऊन अजून उतरलेले नसते, मनुष्य कचेरीत असतो, आणि इकडे विठ्ठलाच्या मूर्तीवर अभिषेक चाललेला असतो. म्हणूनच नंतर सवडीने पाहता येतील अशा साठविलेल्या कार्यक्रमांचा परदेशस्थांना मोठा आधार वाटतो.

आता दुसरा प्रश्न. मार्ग मोकळा असूनही कधी कधी पडद्यावर सूचना येते, की हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्रास अंकांचा एक पत्ता मिळतो. त्यावरून पाहणारा कोणत्या देशात आहे, हे कार्यक्रम पाठविणाऱ्यास बहुधा समजते. मग तो त्यास अडवितो का? याचे उत्तर नाटकाच्या उदाहरणातही सापडेल. एखाद्या नाटकाचा तिकीट लावून जाहीर प्रयोग करावयाचा, तर बहुधा नाटककाराची परवानगी घ्यावी लागते आणि त्याचे मानधन द्यावे लागते. कारण नाटक ही त्याच्या श्रमाची निर्मिती आहे. भारतात १९५७ च्या कायद्याने असे हक्क सुरक्षित केले आहेत. चित्रपट, मालिका आणि क्रिकेटचे सामने यांचे हक्क देशपरत्वे निरनिराळ्या संस्थांना विकले जातात. भारतापुरता हक्क घेतलेल्या संस्थेला तो सामना इंग्लंडमध्ये दाखविण्याचा अधिकार नसतो. तारा समुद्र ओलांडतात. परवाना मात्र सीमेवर थांबतो.

अशा वेळी काही लोक आपला खरा पत्ता लपवून आपण भारतातच आहोत असे भासवितात. काही जण चोरून उतरविलेल्या प्रती पाहतात. घरची ओढ खरी असली, तरी हा मार्ग सरळ नव्हे. एका मालिकेमागे लेखक असतो, नट असतात, दिवे धरणारा आणि कपडे शिवणारा असतो. चोरीची प्रत पाहिली, की या सर्वांच्या कष्टाचे मोल बुडते. शिवाय अशा ठिकाणांहून पाहणाऱ्याच्या यंत्रात घातक गोष्टी शिरण्याचे भय असते ते निराळेच. परदेशस्थांकरिता रीतसर वर्गणी भरून पाहता येणाऱ्या सेवा आहेत. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या मराठी बातम्या तर इंटरनेटवर विनामूल्य पाहावयास मिळतात.

राहिला तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. घरचे चित्र पाहून परदेशातील मुलाची मराठी टिकेल काय? त्याच्या कानांवर मराठी पडेल, शब्द ओळखीचे होतील, हा लाभ थोडा नव्हे. परंतु पडदा बोलतो. तो ऐकत नाही. मूल चुकले, तर तो त्यास सुधारीत नाही. मुलाने प्रश्न विचारला, तर उत्तर देत नाही. भाषा येते ती बोलण्याने आणि कोणी तरी उत्तर देण्याने. मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांजवळ पडदा नव्हता. पण ती एकत्र जमत, भजने म्हणत, गणपती बसवीत. आज तेथील पुष्कळ मराठी घरांत क्रिओल ही स्थानिक भाषा बोलली जाते. तरीही शाळांतून मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. अमेरिकेतही मराठी मंडळांनी मुलांकरिता मराठी शाळा काढल्या आहेत. घरोघरी पडदा असताना या शाळा चालवाव्या लागतात, यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

शिवाय पडद्यावर जी मराठी ऐकू येते, ती सर्वांची असते. एकाच गावाची नसते. आपल्या लातूर-धाराशिवकडील वेळा अमावास्येचे उदाहरण घ्या. त्या दिवशी सारे गाव शेतात जाते. कडब्याची खोप करून तीत पांडवांची पूजा मांडतात. मडक्यातली आंबट आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे यांचे जेवण झाडाखाली होते. लंडनमध्ये वाढणाऱ्या मुलाला ‘आंबील’ हा शब्द एखादे वेळी पडद्यावर ऐकू येईलही. पण ती कशी करतात, मडक्यातच का ठेवतात, आपल्या शेतात खोप कोणत्या झाडाखाली घालतात, हे त्याला आजीशिवाय कोण सांगणार?

म्हणून मुलांनो, तुमचा एखादा मामा, काका अथवा आतेभाऊ परदेशी असेल, तर त्याच्या पडद्यावर घरची चित्रे आता दिसतात, एवढ्यावर समाधान मानू नका. दूरध्वनीवर त्याच्या मुलांशी मराठीतच बोला. ती अडखळली, तर हसू नका. हवा तो शब्द हळूच पुरवा. नदीला पाणी किती आहे, येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत तुम्ही काय पाहिले, आज शाळेत काय घडले, हे त्यांना सांगा आणि त्यांच्या गावची हकिकत त्यांनाही मराठीत विचारा.