कण्हणे

कण्हणे : वेदना, आजार वा अतिश्रम यांमुळे तोंडातून मंद, लांबलेला व बहुधा शब्दरहित स्वर निघणे. इंग्रजीतील ‘ग्रोन’ हा शब्द त्याला बराच जवळचा आहे. जुन्या इंग्रजीतील ‘ग्रानियन’ (शोक करणे, कण्हणे) या क्रियापदापासून तो आला. आज हसण्याचा वाचक असलेला ‘ग्रिन’ हा शब्दही त्याच कुळातील मानतात. कारण वेदनेने वा रागाने दात विचकणे, हा त्याचा पूर्वीचा अर्थ होय.

संस्कृत धातुपाठात ‘कण्’ हा आवाज करणे या अर्थाचा धातू दिलेला असून मराठी ‘कण्हणे’ त्याच्याशी जोडले जाते. समानार्थी वाटणाऱ्या इतर शब्दांची मुळे मात्र वेगळी आहेत. ‘विव्हळणे’ हे संस्कृत ‘विह्वल’ यापासून झाले. त्यातील ‘ह्वल्’ म्हणजे डळमळणे. मूळ शब्द शरीराच्या वा मनाच्या अस्थिर अवस्थेचा असून मराठीत तो त्या अवस्थेतील आवाजाचा वाचक बनला. ‘आक्रोश’ हा ‘क्रुश्’ (ओरडणे) या धातूपासून आलेला शब्द पाणिनीच्या सूत्रांत निंदेच्या अर्थाने येतो. मराठीत तो मोठ्याने केलेला शोक दर्शवितो. हाक ऐकू जाईल एवढे अंतर ते ‘क्रोश’, म्हणजेच कोस, हा शब्दही याच धातूचा. ‘हंबरडा’ गाईच्या हंबरण्यावरून आला. आक्रोश व हंबरडा दूरवर पोचतात. कण्हणे जवळच्यालाच ऐकू येते व म्हणून सहज दुर्लक्षिले जाते.

लक्षणे विचारताना बोलीभेदही ध्यानात घ्यावा लागतो. नाशिक जिल्ह्यातील देवळा, सटाणा, कळवण या भागांत व खानदेशात बोलल्या जाणाऱ्या अहिराणीत ‘ण’ऐवजी ‘न’ व ‘ळ’ऐवजी ‘य’ असे उच्चार आढळतात (उदा., पाणी–पानी, डोळा–डोया). त्यामुळे प्रमाण मराठीतील रूपच रुग्णाच्या तोंडी असेल, असे नाही.

नवजात बालकाचे कण्हणे नेहमी वेदनेमुळेच असते असे नाही. श्वसनास त्रास होत असता बालक श्वास सोडताना कंठद्वार अंशतः मिटून घेते. त्यामुळे फुप्फुसांत हवेचा दाब टिकतो व वायुकोश मिटत नाहीत. अडलेली हवा बाहेर पडताना प्रत्येक उच्छ्‌वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज होतो. गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची देखभाल केली. या कार्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात-मृत्युदर सु. ६२ टक्क्यांनी घटला. जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी तेथे ठरविलेल्या लक्षणांत रडणे क्षीण होणे, दूध ओढणे मंदावणे यांबरोबरच कण्हल्यासारख्या आवाजाचाही समावेश आहे. असा आवाज येणाऱ्या बालकास तातडीने वैद्यकीय उपचार मिळणे आवश्यक असते.