जुने वाडगे, जुन्या वाट्या : संग्रह आणि उपयोग

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक मंगलकार्य होते. जुन्या बाजारातून हौसेने जमविलेले सहा पितळी वाडगे त्या दिवशी प्रथमच पंक्तीत आले. सकाळी दहाच्या सुमारास त्यांत कोकमाचे सार ओतून ठेवले आणि दुपारी एकच्या पंगतीला वाढले. तासाभरातच काकूंसह चौघांना मळमळून उलट्या झाल्या. सर्वांनी एकाच वाडग्यातील सार घेतले होते. तो रिकामा करून पाहिला, तेव्हा तळाची कल्हई पार उडालेली होती आणि उघडे पितळ लखलखत होते. अशुद्ध ताम्राच्या अष्टदोषांत वांती, भ्रम आणि अरुची सांगितली आहेत, हे महाविद्यालयात पाठ केलेले होते. पण ते ज्ञान माझ्याच माजघरात उपयोगी पडले नाही. सायंकाळपर्यंत सर्वांना बरे वाटले. मला मात्र पुढे कित्येक दिवस कोणासमोर मान वर करून पाहवले नाही.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला, कारण जुन्या भांड्यांची आवड अलीकडे आपल्या व्यवसायबंधूंत वाढली आहे. चिकित्सालयाच्या दर्शनी भागात जुनी तसराळी, गंगाळी मांडलेली दिसतात. औषधालयांतून काशाच्या वाट्या पादाभ्यंगासाठी विकल्या जातात. रुग्णही ‘आजीचा वाडगा वापरू का?’ असे विचारतात. या प्रश्नाला आपल्याकडून शास्त्रशुद्ध उत्तराची अपेक्षा असते.

शास्त्राचा पात्रविचार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात (अध्याय 46) कोणता पदार्थ कोणत्या पात्रात वाढावा याचे नेमके विवेचन आहे. घृत लोहपात्रात, पेया रौप्यपात्रात, फळे व भक्ष्य पदार्थ पानांवर, चांगले तापवून थंड केलेले दूध ताम्रपात्रात आणि पाणी, पानक मातीच्या पात्रात द्यावे, असा तो क्रम आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सूचना कट्वर व खड यांविषयीची आहे. ताकाचे हे आंबट प्रकार दगडी पात्रात वाढावेत, असे सुश्रुताचार्य सांगतात. राग, षाडव यांसारख्या पदार्थांसाठी काच व स्फटिकाची पात्रे सांगितली आहेत. आम्ल पदार्थ तांबे विरघळवितो, हे रसायनशास्त्राचे म्हणणे या विभागणीशी तंतोतंत जुळते. कोकणातील जुन्या घरांत आमटी-कढीसाठी दगडी भांडी वापरत, त्यामागेही हेच शहाणपण असावे.

कांस्याविषयी रसरत्नसमुच्चयकारांचे मत अनुकूल आहे. एक घृत वगळता कांस्यपात्रातील सर्व भोजन आरोग्यदायी, असा त्यांचा अभिप्राय आहे. दहा रात्री काशाच्या पात्रात राहिलेले तूप विरुद्ध मानले आहे, हे आपण सर्व जाणतोच. म्हणून काशाच्या जुन्या वाटीत तूप क्षणभर तळपायाला चोळण्यासाठी घ्यावे, साठवू मात्र नये. पादाभ्यंग झाल्यावर वाटी पुसून कोरडी करून ठेवण्याची सूचना औषधालयाने ग्राहकाला अवश्य द्यावी.

ओळख आणि परीक्षा

बाजारात ‘जुने कासे’ म्हणून मिळणारी पुष्कळ भांडी पितळेची असतात. कासे म्हणजे तांबे व कथील. रसग्रंथांत त्याचे प्रमाण आठास दोन असे दिले आहे. पितळ म्हणजे तांबे व जस्त. तीक्ष्ण व दीर्घ नाद, किंचित श्यामल झाक असलेली शुभ्रता, स्निग्धता आणि तापविल्यावर येणारी लाली ही उत्तम कांस्याची लक्षणे होत. व्यवहारात वाटी बोटांच्या टोकांवर तोलून हलकी टिचकी मारावी. कासे घंटेसारखे घुमते. पितळेचा नाद लवकर विरतो. पितळ आपटले तर पोचते, कासे तडकते. म्हणून जुन्या काशावर ठोकून काढलेला पोचा दिसला, तर शंका घ्यावी. तडा गेलेल्या वाटीचा नाद बद्द होतो, हेही ध्यानात ठेवावे. ‘जर्मन सिल्व्हर’च्या वाट्या तर नावानेच फसवितात. त्यांत चांदीचा लवलेश नसून तांबे, जस्त आणि निकेल असते.

वय ठरविताना काळवंडलेल्या रंगावर विसंबू नये. तो रंग रसायनाने आठवड्यात आणता येतो. काठाची झीज, तळाचे ओरखडे आणि ठोक्यांच्या खुणा अधिक बोलक्या असतात. आपल्याकडे भांड्यावर ठिपक्यांनी नाव घालण्याची चाल होती. क्वचित त्यावर शकही कोरलेला असतो. त्यात 78 मिळविले की इसवी सन मिळतो. मात्र नाव मागाहूनही घातलेले असू शकते.

वापरातील धोके

पहिला धोका कल्हईचा. शुद्ध कथील आणि नवसागर यांनी केलेली कल्हई निर्धोक असते. पण कथलात शिशाची भेसळ झाली, तर संरक्षकच भक्षक होतो. खुरक वंग घ्यावे, मिश्रक टाळावे, हा रसशास्त्राचा दंडक इथेही लागू पडतो. कल्हईवाले दुर्मिळ झाले आहेत. म्हणून जो मिळेल त्याच्याकडे कथील स्वतः विकत आणून द्यावे आणि काम समोर करून घ्यावे. दुसरा धोका डागांचा. फुटके बूड किंवा निखळलेली कडी जोडताना पूर्वी सर्रास शिसेमिश्रित डाग देत. असे भांडे शोभेसाठीच ठेवावे. तिसरा धोका सांध्यांत व नक्षीत साचलेल्या हिरव्या कळकाचा. चिंच व राखेने तो निघतो. सांध्यातून पुनःपुन्हा येत असेल, तर ते भांडे अन्नासाठी बाद समजावे. तेजाबाने झळाळी आणण्याच्या फंदात पडू नये. त्याने धातूही खातो आणि जुनेपणाची खूणही जाते.

औषधनिर्मितीत तर अधिक काटेकोरपणा हवा. संग्रहातील पितळी पातेल्यात काढा किंवा आसव-अरिष्ट ठेवण्याचा मोह कोणीही करू नये. शतधौत घृतासाठी ताम्रपात्र वापरायचे, तर तेही ज्याची धातुपरीक्षा झाली आहे असेच असावे. क्ष-किरणांच्या साहाय्याने भांड्याला इजा न करता धातूचे प्रमाण आणि शिशाचा अंश कळतो.

संग्राहकाची मर्यादा

शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. दुकानात ‘पुरातन’ अशी पाटी लावण्यापूर्वी औषधालयचालकांनी हे लक्षात घ्यावे.

संग्रह कसा असावा हे पाहायचे असेल, तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर घरगुती वस्तू जमविल्या आणि 1975 मध्ये तो ठेवा राज्य शासनाच्या स्वाधीन केला. अहमदाबादेत सुरेंद्र पटेल यांनी 1981 मध्ये उभारलेले ‘विचार’ हे भांड्यांचे संग्रहालयही आवर्जून पाहण्याजोगे आहे.

माझ्या संग्रहाचे आता दोन भाग आहेत. परीक्षा झालेल्या, नव्याने कल्हई केलेल्या वाडग्यांत वरण, भात, खीर वाढली जाते. उरलेले फडताळात असतात. सारासाठी दगडी भांडे आले आहे. ज्या वाडग्याने घात केला, तो मी मोडीत दिला नाही. चिकित्सालयातील टेबलावर तो तसाच, कल्हईविना ठेवला आहे. रुग्णाने आजीच्या वाडग्याविषयी विचारले, की आधी तो त्याच्या हाती देतो, आत पाहावयास सांगतो आणि मगच उत्तर देतो.