आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे नेमका कोणाचा पत्ता?

‘तुमच्या आयपी अ‍ॅड्रेसवरून गुन्हा घडला आहे’ असं फोनवर कुणी दरडावून सांगितलं, की चांगली शिकलेली माणसंही गडबडतात. शब्द कानावरून गेलेला असतो, पण हा पत्ता कशाचा ते माहीत नसतं. म्हणून मंडळाच्या सभासदांसाठी, विशेषतः ज्येष्ठांसाठी, हा विषय आम्ही सोपा करून मांडत आहोत.

आधी पिनकोड पाहू. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची. केंद्र सरकारात मोठे अधिकारी, शिवाय संस्कृतचे कवी! पिनकोडचे आकडे डावीकडून वाचत गेलं की प्रदेश लहान होत जातो. आपल्या कडोदऱ्याचा पिन ३९४ ने सुरू होतो, जळगाव शहराचा ४२५ ने. पत्र इथून निघताना जळगावची गल्ली कुणी पाहत नाही. सुरुवातीचे आकडे पाहून पिशवी त्या बाजूला रवाना होते, गल्ली शेवटी पोस्टमन पाहतो.

आयपी अ‍ॅड्रेसची रीत हीच. नेहमीच्या पद्धतीत चार संख्या असतात, मधे टिंब, प्रत्येक संख्या ० ते २५५ मधली. डावा भाग नेटवर्कचा, उजवा त्यातल्या यंत्राचा. फरक एवढाच, की पिनकोड गावाला बांधलेला असतो आणि हा पत्ता इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला. त्यामुळे तुम्ही कडोदऱ्यात बसलेले असताना एखादी वेबसाइट तुम्हाला मुंबईत किंवा अहमदाबादेत दाखवते.

आता वाट कशी सापडते? आपल्या चार रस्त्यावर उभं राहा. मुंबई–अहमदाबाद आणि सुरत–धुळे हे हायवे इथे एकमेकांना छेदतात. भुसावळला निघालेल्या ट्रकवाल्याला इथे पुढचा सगळा नकाशा लागत नाही. धुळ्याच्या दिशेला वळायचं, एवढं कळलं की पुरे. मग बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, प्रत्येक ठिकाणी फक्त पुढचं वळण. राउटर म्हणजे असाच चार रस्ता. त्याच्याकडे दिशांचा तक्ता असतो. पत्त्याशी सर्वांत नेमकी जुळणारी पाटी तो निवडतो आणि एकही जुळली नाही तर ‘बाकी सर्व’ या पाटीकडे पाठवतो. कोंडाईबारीच्या घाटात खोळंबा झाला की ट्रकवाले एकमेकांना फोन करून कळवतात, तसे राउटरही शेजारच्या राउटरला कळवतात आणि वाट बदलते. आपला फोटो किंवा निरोप छोट्या पॅकेटमध्ये तुटून जातो. ती वेगवेगळ्या वाटांनीही जाऊ शकतात, पलीकडे क्रमांकानुसार जोडली जातात. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, तो दर राउटरवर एकाने कमी होतो. शून्य झालं की पॅकेट टाकून देतात, नाहीतर चुकलेली पॅकेट कायम गोल फिरत राहिली असती.

खरी गोम पुढे आहे. चार संख्यांतून सुमारे ४२९ कोटीच पत्ते बनतात. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. मग घराघरांत १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात; प्रत्येक सोसायटीत १०१ नंबरचा फ्लॅट असतो, तसे. बाहेर जाताना राउटर त्याजागी बाहेरचा पत्ता लावतो. मोबाइल कंपन्या तर एकच बाहेरचा पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांत वाटतात, आणि तो बदलतही राहतो. नव्या, सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई नाही, आपल्याकडच्या मोबाइलवर ती भरपूर चालते. पण तिथेही पत्ता जोडणीचा असतो, माणसाचा नव्हे. त्या जोडणीवर घरातला नातू असेल, भाडेकरू असेल किंवा वायफायचा पासवर्ड मिळालेला शेजारी.

म्हणून तपास करणाऱ्या पोलिसांना नुसता पत्ता पुरत नाही. नेमकी वेळ लागते, पत्ता सामायिक असेल तर पोर्ट क्रमांकही, आणि मग कंपनीकडून नोंद मागवावी लागते. फोनवर आयपी अ‍ॅड्रेसचं नाव घेऊन पैसे मागणारा यातलं काहीच करत नसतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटकही कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा.

पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० वर कळवावं आणि आपल्या बँकेलाही. व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. पैसा कुठल्या खात्यात गेला आणि तिथून पुढे कुठे, हे त्या क्रमांकावरूनच शोधत जातात.