इंग्लंडमधील पॅरिश कौन्सिल : खेड्याचे मत आणि खेड्याची जमीन

‘पॅरिश’ हा शब्द उच्चारताच चर्च, धर्मगुरू आणि प्रार्थनेसाठी जमलेला समुदाय डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडच्या स्थानिक प्रशासनात मात्र या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे आणि तो कायद्याने चर्चपासून वेगळा केलेला आहे. राज्यकारभाराच्या उतरंडीत सर्वांत खाली असलेले, मतदारांनी निवडून दिलेले आणि कर मागण्याचा अधिकार असलेले मंडळ म्हणजे पॅरिश कौन्सिल होय. इंग्लंडमध्ये अशी सुमारे दहा हजार मंडळे आहेत. त्यांपैकी काही ‘टाउन कौन्सिल’ या नावाने मोठ्या वस्त्यांचा कारभार पाहतात. परंतु या संस्थेचे मूळ रूप पाहावयाचे तर ते काहीशे मतदारांच्या लहान खेड्यातच पाहावे लागते.

पॅरिशकडे लौकिक कारभार आला तो सोळाव्या शतकात. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती आणि १६०१ च्या कायद्याने गरिबांचे पोषण ही कामे पॅरिशवर सोपवली गेली. ती पार पाडणारी सभा चर्चच्या वस्त्रागारात, म्हणजे ‘वेस्ट्री’त भरत असे, त्यावरून सभेलाच वेस्ट्री हे नाव पडले. तिचे अध्यक्षपद सामान्यतः धर्मगुरूकडे असे. १८१८ च्या कायद्याने तर मालमत्तेच्या प्रमाणात एकेका करदात्याला सहापर्यंत मते देता येऊ लागली. जमीनदार, मोठा शेतकरी आणि धर्मगुरू या तिघांच्या हाती गाव राहील अशीच ही रचना होती. शेतमजूर त्या सभेपुढे येई तो बहुधा याचक म्हणून.

ही स्थिती बदलण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. १८७२ मध्ये वॉरिकशरमध्ये जोसेफ आर्च यांच्या नेतृत्वाखाली शेतमजुरांची संघटना उभी राहिली आणि १८८४ च्या सुधारणा कायद्याने ग्रामीण कुटुंबप्रमुखाला संसदेसाठी मताधिकार दिला. ज्याला संसदेचा सभासद निवडता येतो त्याला गावच्या पंप-विहिरीविषयी मत का असू नये, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा नव्हता. ग्लॅडस्टन यांच्या अखेरच्या मंत्रिमंडळात हेन्री फाउलर यांनी ग्रामीण स्वराज्याचे विधेयक मांडले. १ मार्च १८९४ रोजी ग्लॅडस्टन यांनी कॉमन्स सभागृहात केलेले शेवटचे भाषण याच विधेयकातील उमरावांच्या दुरुस्त्यांविषयी होते. त्याच महिन्यात विधेयकाचा कायदा झाला आणि डिसेंबर १८९४ मध्ये खेड्याखेड्यांतून पहिल्या निवडणुका झाल्या.

या कायद्याची काही बारीक कलमे त्याचा हेतू मोठ्या घोषणांपेक्षा अधिक स्पष्ट करतात. गावसभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करता येणार नाही, असे त्यात ठरवले गेले. दिवसभर शेतात राबणाऱ्याला सभेस येता यावे यासाठी ही तरतूद होती. दुसरी सोयीची जागा असताना दारूच्या गुत्त्यात सभा भरवण्यास मनाई झाली. विवाहित स्त्रियांनाही मत देण्याचा आणि उभे राहण्याचा अधिकार मिळाला. संसदेसाठी स्त्रियांना पहिला मताधिकार मिळण्यास अजून चोवीस वर्षे अवकाश होता. कराला मात्र काटेकोर मर्यादा घातली गेली : मालमत्तेच्या मूल्यांकनातील दर पौंडामागे तीन पेन्स आणि गावसभेची संमती असल्यास सहा पेन्स. निवडणूकही हात वर करून होई. संसदेसाठी गुप्त मतदान १८७२ पासूनच आले होते. गावात मात्र कोणी मागणी केल्याखेरीज मतपेटी येत नसे आणि मजुराला मालकाच्या डोळ्यांदेखत हात वर करावा लागे. ही प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरच संपली.

येथे एक भारतीय संदर्भ नोंदवण्याजोगा आहे. ग्लॅडस्टन यांनीच १८८० मध्ये व्हाइसरॉय म्हणून पाठवलेल्या लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव मे १८८२ चा आहे आणि मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा १८८४ चा. इंग्लंडमधील काउंटी कौन्सिले १८८८ च्या कायद्याने आणि पॅरिश कौन्सिले त्यानंतर सहा वर्षांनी आली. अर्थात इलाख्यातील बोर्डे तालुका व जिल्हा पातळीवरची होती, त्यांवर सरकारी अधिकाऱ्यांचा वरचष्मा होता आणि गाव त्यांच्या बाहेरच राहिले. तरीही इंग्लंडच्या खेड्यातील स्वराज्य अनादी काळापासून चालत आलेले आहे ही समजूत या कालक्रमापुढे टिकत नाही.

नव्या कौन्सिलांकडून मजुरांची पहिली अपेक्षा जमिनीची होती. सतराव्या-अठराव्या शतकांत आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात गावची सामाईक कुरणे कुंपणे घालून खाजगी झाली होती. मजुराला हवा होता तो भाजीपाला पिकवण्यापुरता, अल्प भाड्याने मिळणारा तुकडा. त्याला ‘अलॉटमेंट’ म्हणतात. १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिलला असे तुकडे पुरवता यावेत म्हणून काउंटी कौन्सिलच्या आदेशाने जमीन सक्तीने भाड्याने घेण्याची वाट खुली केली. १९०८ च्या कायद्याने हे कर्तव्य अधिक पक्के केले. गावातील सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो, ही त्यातील तरतूद आजही लागू आहे. थोडक्यात, ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्याकडून कायदेशीर मार्गाने थोडी जमीन मिळवावी, हे या संस्थेच्या प्रारंभीचे एक मुख्य प्रयोजन होते. पहिल्या निवडणुकांत अनेक ठिकाणी जुनेच प्रतिष्ठित निवडून आले हे खरे. पण त्यांना मजुरांच्या शेजारी बसावे लागले.

आजची कौन्सिल मुख्यतः १९७२ च्या कायद्यावर उभी आहे. किमान पाच सदस्य, चार वर्षांची मुदत, सदस्यांनी दरवर्षी आपल्यातून निवडलेला अध्यक्ष आणि पगारी चिटणीस अशी तिची रचना असते. लहान गावात चिटणीस आठवड्यातून काही तासच काम करतो. मात्र सभेची सूचना काढणे, इतिवृत्त लिहिणे, हिशेब ठेवणे आणि सदस्यांना ‘हे आपल्या अधिकारात नाही’ असे वेळोवेळी सांगणे हे सारे त्याच्याच माथी असते. सभेची सूचना तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते. सभा लोकांना खुली असते. हा हक्क पक्का करणारा १९६० चा कायदा मार्गारेट थॅचर यांनी नवख्या सभासद असताना खाजगी विधेयक म्हणून मांडला होता. पैशाची व्यवस्था साधी आहे. कौन्सिल वर्षाचा खर्च ठरवून वरच्या मंडळाकडे मागणीपत्र पाठवते, ती रक्कम गावकऱ्यांच्या कौन्सिल टॅक्समध्ये मिळवली जाते आणि वरच्या मंडळाला ती नाकारता येत नाही.

या अधिकारांतून होणारी कामे लहान असतात : खेळाचे मैदान, दफनभूमी, बसथांब्याचे छप्पर, पायवाटेवरचे दिवे, युद्धस्मारकाची निगा. गावकऱ्यांच्या तक्रारी मात्र बहुतेक वेळा या यादीबाहेरच्या असतात. रस्त्यावरचे खड्डे आणि वाहनांचा वेग हा विषय महामार्ग खात्याचा; शाळा काउंटीची; बससेवा कंपनीची आणि काउंटीची; टपालकचेरी दुसऱ्याच यंत्रणेची. त्यामुळे मासिक सभेच्या इतिवृत्तात ‘संबंधितांना पत्र लिहावे’ हे वाक्य जितक्या वेळा येते तितके दुसरे क्वचितच येत असेल. या पत्रांची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु तक्रार एका माणसाची न राहता गावाची म्हणून नोंदली जाते, तिला तारीख आणि क्रमांक मिळतो आणि पुढच्या महिन्यात ‘उत्तर आले काय’ असे विचारता येते, ही गोष्ट उपेक्षणीय नाही. डिसेंबर २०२० मध्ये चेशरमधील हँडफोर्थ येथील कौन्सिलची दूरस्थ सभा भांडणात बुडाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचे चित्रण देशभर हशाचा विषय झाले. साथीच्या काळापुरती दिलेली दूरस्थ सभांची मुभा मे २०२१ मध्ये संपली. १९७२ च्या कायद्यातील ‘सभा’ म्हणजे एका जागी प्रत्यक्ष जमलेली माणसे, असा निर्वाळा उच्च न्यायालयाने त्याआधी काही दिवस, एप्रिलमध्ये दिला होता.

एरवी रिकाम्या खुर्च्यांपुढे चालणारी ही सभा तुडुंब भरते ती गावाच्या कडेला तीस-चाळीस घरांचा प्रस्ताव आला म्हणजे. बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार पॅरिशला नाही. तो डिस्ट्रिक्टला किंवा जेथे एकच मंडळ आहे तेथे त्या मंडळाला आहे. पॅरिशला प्रस्ताव कळवला जावा आणि तिचे मत मागवले जावे, एवढाच तिचा हक्क. शिवाय प्रत्येक हरकत विचारात घेतली जात नाही. खिडकीतून दिसणारे कुरण नाहीसे होईल किंवा आपल्या घराची किंमत उतरेल, या हरकतींना नियोजनाच्या कायद्यात स्थान नाही. रस्त्याची क्षमता, सांडपाणी, पुराचा धोका, जुन्या इमारतींचे संरक्षण यांना आहे. परिणामी गावकऱ्यांची खरी चिंता एक आणि लेखी हरकत दुसरी, असे पुष्कळदा घडते. किंमत उतरण्याची भीती सांडपाण्याच्या भाषेत मांडली जाते.

येथेच १८९४ आणि आजची स्थिती यांतील उलटापालट लक्षात येते. यंत्रे आली, शेतीतील मजूर घटले आणि खेड्यातील घरे निवृत्तांनी, शहरात नोकरी करणाऱ्यांनी व सुटीपुरते येणाऱ्यांनी घेतली. १९८० च्या कायद्याने सार्वजनिक भाड्याची घरे भाडेकरूंना विकत घेता येऊ लागली. त्यांतील बरीच पुढे खुल्या बाजारात गेली. गावात वाढलेल्या तरुण जोडप्याला गावात घर परवडत नाही, म्हणून ते जवळच्या शहरात राहते आणि मतदार तेथलेच होते. नव्या घरांच्या प्रश्नावर पॅरिशची सभा भरते तेव्हा ज्यांच्याकडे घर आहे ते सारे सभागृहात असतात आणि ज्यांना ते हवे आहे ते नसतात. सभा रीतसर, खुली आणि लोकशाही पद्धतीची असते. तरीही प्रश्नाची एक बाजू तेथे गैरहजर असते. जमीन नसलेल्यांसाठी उघडलेले दार आज अनेक ठिकाणी जमीन असलेल्यांच्या उपयोगी पडते, हे कटू असले तरी खरे आहे. सर्व विरोधकांना स्वार्थी ठरवणेही अर्थात अन्यायाचे होईल. बिल्डरची महागडी घरे त्या तरुण जोडप्यासाठी नसतात, हा विरोधकांचा मुद्दा पुष्कळदा बरोबर असतो.

२०११ च्या लोकॅलिझम कायद्याने पॅरिशला स्वतःची विकासयोजना तयार करून सार्वमतास टाकण्याचा अधिकार दिला. कम्ब्रियातील अपर ईडन या खोऱ्यातील पॅरिशांनी मिळून केलेली योजना ७ मार्च २०१३ रोजी सार्वमतात मंजूर झालेली देशातील पहिली योजना ठरली. अशी योजना मंजूर असलेल्या पॅरिशला बांधकामांवरील पायाभूत सुविधा आकारातील पंचवीस टक्के वाटा मिळतो. एरवी तो पंधरा टक्के असतो. पण या कायद्यातली मेख अशी की, वरच्या मंडळाने ठरवलेल्या संख्येपेक्षा कमी घरे या योजनेत मागता येत नाहीत. घरे कोठे आणि कशी, हे गाव सांगू शकते. नकोत, असे सांगू शकत नाही. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्‌स या लहान बंदराच्या गावाने मे २०१६ च्या सार्वमतात ‘नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच’ हा नियम मोठ्या बहुमताने स्वीकारला आणि त्याच वर्षी तो न्यायालयात टिकला. जुन्या घरांना मात्र तो लागू होऊ शकला नाही.

यापेक्षा वेगळी वाट अपर ईडनजवळच्या क्रॉस्बी रेव्हन्सवर्थ या चिमुकल्या गावाने धरली. परवडणाऱ्या घरांची गरज पाहणीतून पुढे आल्यावर गावकऱ्यांनी लिव्हेनेट कम्युनिटी ट्रस्ट स्थापन केला आणि स्थानिक गरजूंसाठी बारा घरे उभी केली. काही भूखंड स्वतः घर बांधू इच्छिणाऱ्यांना दिले. २०११ मध्ये गावातला बंद पडलेला पबही गावकऱ्यांनी भाग विकत घेऊन पुन्हा सुरू केला. येथे कौन्सिलच्या सभेत ‘हो की नाही’ असा प्रश्न उरला नाही. जमीन कोणाच्या नावे आणि घर कोणाला, हे गावानेच ठरवले. अशा ट्रस्टांची कायदेशीर व्याख्या २००८ च्या कायद्यात झाली आहे. त्यासाठी लागणारी चिकाटी, हिशेबाचे ज्ञान आणि मोकळा वेळ प्रत्येक गावात सापडत नाही. पॅरिशच्या जागांसाठीच अनेक ठिकाणी जागांइतकेही अर्ज येत नाहीत. मग निवडणूक होत नाही आणि उरलेल्या खुर्च्या स्वीकृत सदस्यांनी भरल्या जातात.

या गावाची परवानगी पूर्वी पेनरिथ येथील ईडन डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे होती. १ एप्रिल २०२३ रोजी ते मंडळ बरखास्त होऊन वेस्टमोरलँड अँड फर्नेस हे एकच मोठे मंडळ झाले. पाणबुड्या बांधणारे बॅरो हे बंदर आणि मेंढपाळांची ही डोंगराळ खेडी आता एकाच सभागृहात येतात. सॉमरसेटमध्येही त्याच दिवशी चार डिस्ट्रिक्टे व काउंटी एकत्र झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील नव्या मंडळाने आर्थिक आणीबाणी जाहीर केली आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांसारख्या सेवा पॅरिश व टाउन कौन्सिलांनी चालवाव्यात, अशी बोलणी सुरू झाली. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत उरलेल्या दुस्तरीय काउंट्यांतही सुमारे पाच लाख वस्तीची एकस्तरीय मंडळे करण्याचे धोरण मांडले आहे. स्वच्छतागृहांचा खर्च त्यामुळे पॅरिशच्या मागणीपत्रात येऊ शकेल. घरांच्या परवानगीचा अधिकार मात्र वरच, आणि गावापासून आणखी लांब, राहील.