बारक्या हातांचा चैत्र

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापुरातल्या गल्लीगल्लीत किल्ले उभे राहतात. थोरली पोरं माती कालवतात, चिखलात बुडवलेलं पोतं दगडांवर पसरतात, तटबंदी लिंपतात. तेवढ्यात घरातलं दोन-अडीच वर्षांचं बारकं तिथं पोचतं आणि एकच ओरडा होतो, "आई, ह्याला आत घे, बुरूज पाडतंय!" बारक्याची वरात घरात. त्याचं काही चुकलेलं नसतं. त्या वयात माती दाबून, उचलून, फोडूनच कळते. या अंकात त्याच्यासाठी चैत्राचा बेत मांडते आहे, कारण तयारीला आतापासून हाताशी चार महिने आहेत आणि दीड ते चार वर्षांच्या लेकरांना लागणारं सामान आपल्याकडं फाल्गुन-चैत्रात झाडाखालीच पडलेलं असतं.

आधी एक तक्रार. बालवाडीतून 'क्राफ्ट' सांगून येतं आणि रात्री दहा वाजता आई-बाबा कार्डपेपर कापत बसतात. सकाळी मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली गुढी शाळेत जाते. तिच्यात मुलाचं बोटसुद्धा लागलेलं नसतं. दोन वर्षांच्या मुलाला वस्तू पुरी करण्यात फारसा रस नसतो. चिकटवायला बसलं की ते खळीतच रमतं. तेच त्याचं काम, आणि आपण मात्र 'हे काय केलंस?' म्हणून विचारत राहतो.

ही समज काही परदेशातूनच आली असं नाही. जर्मनीत फ्रबेलनं 1837 मध्ये लहान मुलांची शाळा काढली आणि माती, कागदाच्या घड्या, पट्ट्यांची वीण यांना तिथं मानाची जागा दिली, हे खरं. पण आपल्याकडं ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांचा प्रश्न त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं, फुलं वापरून सोडवला. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचारही तिथलाच. आणि कोल्हापूरकरांना तर लांब जायलाच नको. लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये इथंच 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. ती मोठ्या मुलांची शाळा, पण मूल स्वतः करून शिकतं हा तिचा पाया बारक्यांनाही तितकाच लागू आहे.

आता कामाला लागू. मार्चात पन्हाळा-राधानगरीकडं जाणाऱ्या रस्त्याला काटेसावरीची जाड, लाल, मांसल फुलं खाली पडलेली असतात. खोडाला काटे असतात म्हणून झाडाशी जाऊ देऊ नये, पण पडलेलं फूल दोन वर्षांच्या मुठीला अगदी बेताचं. पाकळ्या ओढून काढायला त्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावायला मिळाला की स्वारी खूश. पाकळ्या काढल्या की मधला केसरांचा झुबका उरतो. तो देठाकडून धरला की झाला कुंचला. रंगात बुडवून वर्तमानपत्रावर ओढला की एका फटक्यात दहा-वीस रेघा उमटतात. विकतच्या ब्रशनं असं होत नाही.

रंग कोणता? पळसाची फुलं मिळाली तर सोनं. काष्ठौषधींच्या दुकानात होळीच्या सुमाराला सुकलेलीही मिळतात. रात्री मूठभर फुलं पाण्यात भिजत घालावीत आणि सकाळी उकळून, गाळून, पूर्ण निववावीत. केशरी-पिवळं पाणी तयार. बिटाचा कीस पिळला की गुलाबी, पालक वाटून गाळला की हिरवा. रंगपंचमी कोल्हापूरकर किती जोरात खेळतात हे सांगायला नको. त्या दिवशी दीड वर्षाच्या मुलाला रस्त्यावर उतरवण्यापेक्षा परसात एक परात, तीन वाट्या आणि जुनी चादर देऊन बसवावं. आठ-दहा मिनिटं टिकलं तर फार झालं. या वयातलं लक्ष तेवढंच असतं, आणि उठून गेलं तर जाऊ द्यावं.

ठशांची गोष्ट वेगळी, कारण इथं परिणाम लगेच दिसतो. कपिलतीर्थ मंडईतून आणलेली भेंडी चिरताना देठाकडचा तुकडा टाकू नये. तो बिटाच्या पाण्यात टेकवून कागदावर दाबला की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. पालकाच्या जुडीचा बुडखा कापला तर चक्क गुलाब उमटतो. मूल पहिला ठसा उमटवतं, कागदाकडं बघतं, भेंडीकडं बघतं, पुन्हा कागदाकडं. मग एकाच जागी दहा वेळा दाबतं आणि सगळं फूल गाळात जातं. आपला हात तिथं सरसावतो, 'इथं कर, इथं मोकळं आहे.' तो आवरावा. त्याला फूल काढायचंच नसतं. दाबलं की काहीतरी होतं एवढंच ते तपासत असतं. ऱ्होडा केलॉग या अमेरिकी अभ्यासक बाईंनी जगभरातली सुमारे दहा लाख बालचित्रं गोळा करून पाहिली. मुलांच्या गिरबटण्यातही ठरावीक आकृती पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी दाखवलं. गिरबटणं म्हणजे बिघडलेलं चित्र नव्हे.

चैत्रांगणाची रांगोळी आज्जी काढत असेल तर बारक्याला शेजारी छोटा चौकोन द्यावा. मात्र रांगोळीची पूड दगडाची असते, ती डोळ्यात आणि नाकात जाते. त्याऐवजी थाळीत तांदळाचं पीठ पसरावं. बोटानं रेघ ओढायची, हलवून पुसायची. चंद्र-सूर्य, गौर आणि झोपाळा आज्जीनं काढावेत. त्यानं नुसतं पीठ पसरावं.

माती हा कोल्हापूरचा हक्काचा माल. शाहूपुरीची कुंभार गल्ली असो की बापट कॅम्प, उन्हाळ्याच्या तोंडावर तिथं माठांची गडबड असते, आणि मळलेल्या मातीचा गोळा मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. घरी मैद्याचा गोळा करायचा असेल तर मीठ घालून टिकाऊ करण्याच्या कृती सगळीकडं सांगतात. मला त्या पसंत नाहीत. दोन वर्षांचं मूल हातातलं तोंडात घालणारच, आणि एवढं मीठ त्याला धोक्याचं. मीठ न घालता, चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद घालून कणीक मळावी, त्याच दिवशी खेळून टाकून द्यावी. लाटणं, गाळणं, काटा द्यावा. सुऱ्या नकोत.

पण अगदी कोल्हापूरचं म्हणावं असं काम म्हणजे सासनकाठी. चैत्र पौर्णिमेला वाडीरत्नागिरीच्या जोतिबावर गावोगावच्या सासनकाठ्या नाचतात. उंच बांबू, त्यावर रंगीत कापड आणि तोल सांभाळायला बाजूंनी धरलेल्या दोऱ्या. बारक्याच्या सासनकाठीला हातभर लांबीची, गोल टोकाची जाड काडी पुरते. टोकदार नको. जुन्या साडीच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून गुंडाळण्याचं काम दीड-दोन वर्षांच्या हातालाही जमतं. तीन वर्षांचं मूल पट्टी काडीभोवती फिरवतं, तेव्हा एक हात धरतो आणि दुसरा फिरतो. दोन हातांची अशी जोडी जुळणं ही पुढं बटण लावण्याची, पाण्याचं भांडं उघडण्याची तयारी असते. दोऱ्या बांधायच्या असतील तर आखूड आणि मोठ्यांच्या नजरेखाली. वर बेतशीर दवणा खोचला की घरभर वास. मग काठी नाचवत 'चांगभलं' झालंच पाहिजे. गुलाल मात्र अंगावर उधळू नये, काठीवर बोटानं लावावा.

पाडव्याच्या गुढीचीही अशीच गत करता येईल, आंब्याची आणि कडुलिंबाची पानं मुलालाच तोडायला देऊन. पानं तोडताना चीक डोळ्याला लागू नये, एवढं पाहावं.

काही गोष्टींना मात्र घरात जागाच नको. लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण तिचं बी चावलं तर जिवाशी खेळ. एरंडीचं बी तसंच. कण्हेर, मग ती लाल असो की पिवळी, सगळीच विषारी. बिट्ट्यांनी आपण लहानपणी खेळलो म्हणून बारक्याच्या हाती देऊ नयेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा दुखावतो. बिया, मणी, चिंचोके तोंडात मावतील इतके लहान असतील तर तीन वर्षांखालच्या मुलांच्या ओवण्यात-चिकटवण्यात घेऊच नयेत. त्यांना सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू द्यावी, अडकण्याची भीती तेवढी कमी होते.

एप्रिलात इथं पारा 37-38ला जातो, म्हणून सगळं सकाळी दहाच्या आत उरकावं. अंगात जुनी बंडी घालावी. हळदीचा डाग पडला तर घाबरू नये. साबण लागताच तो लाल होईल, नंतर धुऊन कडक उन्हात वाळत घातला की फिका पडत जातो.