सेर्कोचा सांधा

रात्रीच्या वेळी एखाद्या मोठ्या जंक्शनावर गाडी बदलण्यासाठी ज्यांना तीन-चार तास काढावे लागले असतील, त्यांस तो आवाज चांगला परिचित असेल. दूर अंधारात एखादे इंजिन हलकेच धक्का देते, वाघिणींची रांग एकामागून एक खणखणत जाते, एक कंदील हलतो, शिटी होते आणि पुन्हा सारे शांत होते. झोपमोड झाल्यामुळे आपण त्या शंटिंगला दोन शब्द लावतो आणि कूस बदलतो. परंतु मालवाहतुकीचा सारा संसार त्या खणखणाटावर चालतो, हे आपल्या सहसा ध्यानी येत नाही. टपालकचेरीत जशी गावोगावची पत्रे एकत्र येतात, निवडली जातात आणि निरनिराळ्या पिशव्यांत पडतात, तशीच यार्डात वाघिणींची निवड होते. आलेली गाडी मोडावयाची, तिचे तुकडे सांध्यांवरून योग्य त्या रुळांवर सोडावयाचे आणि नव्या गाड्या जुळवावयाच्या. याखेरीज इंजिनास पाणी पाजणे, कोळसा भरणे, फिरत्या चकतीवर त्याचे तोंड फिरविणे, आजारी इंजिनास दवाखान्यात नेणे, ही कामेही तेथेच होतात.

दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या वसंत ऋतूत फ्रान्स आणि बेल्जममधील अशा यार्डांवर जो मारा झाला, त्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. या माऱ्याला ‘शत्रूच्या रेल्वेवरील हल्ला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण शत्रू जर्मन होता आणि रेल्वे फ्रेंचांची होती. रूळ फ्रेंच, सांधेवाले फ्रेंच आणि यार्डाच्या कुंपणापलीकडे दोरीवर वाळत घातलेले कपडेही फ्रेंच बायामुलांचे. ही गोष्ट विसरून पुढील मजकूर वाचता येणार नाही.

या योजनेच्या मुळाशी एक प्राणिशास्त्रज्ञ होते, हे सांगितले तर अनेकांस नवल वाटेल. सॉली झुकरमन हे त्यांचे नाव. १९३२ साली वानरांच्या समाजजीवनावर ग्रंथ लिहून नावारूपास आलेले हे गृहस्थ युद्धकाळात बॉम्बस्फोटांच्या परिणामांचा अभ्यास करू लागले. १९४३ साली सिसिली व दक्षिण इटली येथील रेल्वेची काय दशा झाली, हे त्यांनी तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की, मोकळ्या माळावरील रूळ उखडून विशेष काही साधत नाही, ते काही तासांत पुन्हा बसविता येतात. मारावयाचे ते मर्म म्हणजे मोठी यार्डे, इंजिनघरे आणि दुरुस्तीचे कारखाने. विमानदलाचे ज्येष्ठ अधिकारी टेडर यांनी हे मत उचलून धरले. अमेरिकन सेनानी स्पाट्स यांचा भर जर्मनीचे तेल जाळण्यावर होता. बराच वाद झाला, आणि २५ मार्च १९४४ च्या बैठकीनंतर कौल यार्डांच्या बाजूने पडला.

मात्र चर्चिलसाहेबांचे मन त्याला घेईना. आरंभीचे काही अंदाज तर ऐंशी हजारांहून अधिक फ्रेंच माणसे मृत किंवा जखमी होतील, असे भाकीत करीत होते. शेवटी मृतांची संख्या दहा हजारांपलीकडे जाऊ नये, असा आग्रह त्यांनी धरला आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांस पत्र धाडले. ११ मे रोजी रूझवेल्टांचे उत्तर आले. स्वारीच्या यशास बाध येईल असे बंधन इतक्या दुरून सेनापतींवर घालण्यास आपण तयार नाही, असा त्याचा आशय होता. दहा हजार! हा आकडा वाचताना आम्हांस दरवेळी अडखळल्यासारखे होते. तो ठरविणारे लोक निर्दय नव्हते. त्यांना तो ठरवावा लागला, यातच सारे आले.

त्या आकड्यातील घरे कशी होती, हे पाहावयाचे तर लील शहरालगतच्या लोम गावी जावे लागेल. पहिल्या महायुद्धानंतर उत्तर रेल्वे कंपनीने तेथे आपल्या नोकरांसाठी एक वसाहत उभारली होती. ला देलिव्रांस असे तिचे नाव. टुमदार घरे, पुढे-मागे बाग, आणि शेजारीच भलेमोठे यार्ड. ड्रायव्हर, फायरमन, सांधेवाले अशांची कुटुंबे तेथे नांदत होती. कामावरून घरी यावयास पाच मिनिटे पुरावीत, हाच त्या वसाहतीचा मोठा गुण. १९४४ साली ईस्टरचा सण ९ एप्रिलला आला होता. त्याच रात्री ब्रिटिशांची अवजड बाँबर विमाने आली. यार्डातील दोन हजारांहून अधिक वाघिणींचा चुराडा झाला आणि साडेचारशेंवर माणसे मेली. यार्डाशेजारी घर असणे हा जो गुण होता, तोच त्या रात्री काळ ठरला.

अवजड विमानांच्या जोडीला लहान विमानेही या कामावर होती, आणि आमचा आजचा विषय मुख्यतः तीच आहेत. अमेरिकेच्या नवव्या हवाई दलात ‘हलक्या बाँबरांचे’ तीन गट होते. त्यांपैकी ४१६ क्रमांकाचा गट इंग्लंडात एसेक्स परगण्यातील वेदर्सफील्ड येथे मुक्कामास होता. हॅरल्ड मेस हे त्याचे प्रमुख. १९४४ च्या मार्चपासून हा गट लढाईत उतरला. किनाऱ्यालगतचे उडत्या बॉम्बचे अड्डे आणि पुढे यार्डे, असे त्याचे काम असे.

त्यांचे विमान म्हणजे डग्लस कंपनीचे ए-२०. अमेरिकन त्याला हॅव्हॉक म्हणत, इंग्रज बोस्टन. दोन इंजिने आणि माशासारखे अरुंद अंग. लँकेस्टर विमानात सात माणसे असत, यात तीनच. पुढे एकटा वैमानिक, मागे दोन तोफची. अंग इतके चिंचोळे की, उड्डाण चालू असता मागच्यांना पुढे वैमानिकाजवळ जाता येत नसे. जोडीला दुसरा वैमानिकही नसे. पुढच्या माणसास गोळी लागली, तर मागच्या दोघांना विमान सांभाळण्याचा काहीच उपाय नसे. त्यांचे सारे आयुष्य त्या क्षणी पुढे बसलेल्या एका माणसाच्या दोन हातांत असे. त्यांचे वयही बहुधा विशी-पंचविशीचे.

बॉम्ब टाकण्याची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. बहुतेक विमानांच्या नाकात मशीनगन बसविलेल्या असत, नेम धरणारा माणूस तेथे बसूच शकत नसे. काचेच्या नाकाचे विमान पुढाऱ्याचे, आणि नेमबाज फक्त त्यात. बाकीच्यांनी त्याच्या मागे पंखाला पंख लावून उडावयाचे आणि त्याच्या पोटातून बॉम्ब सुटताना दिसला की आपलेही सोडावयाचे. अठरा विमानांचा एक थवा, असे दोन थवे सामान्यतः एका खेपेस निघत. प्रत्येकाचा नेहमीचा भार म्हणजे पाचशे पौंडांचे चार बॉम्ब. दोन्ही थव्यांचा भार एकत्र केला, तरी तो सहा-सात लँकेस्टरांइतकाच भरेल. पण हे दिवसाउजेडी येत आणि एकाच वेळी एकाच जागी टाकीत. पुढाऱ्याचा नेम बरोबर असला तर सर्वांचा बरोबर, आणि तो चुकला तर सर्वांचाच चुकला.

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. आपल्याच लोकांच्या गोळ्या लागू नयेत म्हणून विमानांच्या पंखांवर काळे-पांढरे पट्टे नुकतेच रंगविले होते. त्या दिवशी ४१६ व्या गटाने दोन खेपा केल्या. पहिली आर्जांतांच्या रस्त्यांवर, आणि दिवस उतरणीला लागल्यावर दुसरी सेर्को येथील यार्डावर.

सेर्को हे नाव फ्रान्सबाहेर कोणी ऐकले नसेल. फॉर्ज-लेझ-ओ या गावाजवळचे ते एक खेडे. पण पॅरिसकडून दिएपकडे जाणारा लोहमार्ग आणि अमियांकडून रुआंकडे जाणारा लोहमार्ग हे तेथे एकमेकांस छेदतात. नकाशा पुढे घेतला म्हणजे त्या खेड्याचे महत्त्व कळते. जर्मनांचे एक मोठे सैन्य कालेच्या बाजूला बसून होते. खरी स्वारी तिकडेच होणार अशी त्यांची समजूत. त्या सैन्याची वाघिणींतून नॉर्मंडीकडे पाठवणी करावयाची, तर अमियां-रुआं हा सोयीचा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर सेर्कोचा सांधा होता.

इंग्लंडात त्या वर्षी घड्याळे दोन तास पुढे केलेली असत, त्यामुळे सायंकाळी उशिरापर्यंत उजेड राही. परंतु ढग फार खाली उतरले होते. नेहमीच्या दहा-बारा हजार फुटांवरून काही दिसणे शक्य नव्हते, म्हणून गट ढगांखाली आला. इतक्या खाली आलेल्या विमानावर, मोठ्या विमानवेधी तोफांचे राहो, साध्या लहान तोफाही सहज नेम धरू शकतात. बॉम्ब टाकावयाचे तर काही काळ तरी सरळ रेषेत, डावे-उजवे न होता उडावे लागते. तेवढा वेळ तेथे फार मोठा असतो. गटाची काही विमाने त्या सायंकाळी वेदर्सफील्डला परतली नाहीत.

एवढे करून साधले काय? यार्ड कायमचे मरत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. खड्डे बुजवून एखादा रूळ पार जाण्याजोगा करणे, हे बहुधा एक-दोन दिवसांचे काम. वेळ लागतो तो सांधे, सिग्नलच्या केबिनी, पाण्याचे नळ, इंजिनघर यांना. म्हणून त्याच त्या यार्डांवर पुन्हा पुन्हा जावे लागे. यार्डांपेक्षा पुलांचा मारा अधिक उपयोगी पडला, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात, आणि ७ मे रोजी व्हर्नोन येथील सेन नदीचा पूल थोड्याशा लढाऊ विमानांनी पाडला, हे पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या मते दोहोंचा मेळ बसला म्हणूनच परिणाम झाला. पूल गेल्यामुळे गाड्या अडत, आणि अडलेल्या गाड्यांची मोडजोड करावयास धड यार्ड उरलेले नसे.

त्याचे एक उदाहरण बोलके आहे. १९४४ च्या जूनमध्ये जर्मनांच्या नवव्या व दहाव्या एस.एस. रणगाडा डिव्हिजनी पोलंडकडील आघाडीवरून नॉर्मंडीस निघाल्या. पोलंडपासून पूर्व फ्रान्सपर्यंतचा लांबचा पल्ला त्यांनी जितक्या दिवसांत तोडला, जवळजवळ तितकेच दिवस त्यांना पूर्व फ्रान्सपासून कांपर्यंत यावयास लागले. एरवी रणगाडे रस्त्याने लांबवर नेत नाहीत. त्यांचे पट्टे झिजतात आणि पेट्रोल अफाट लागते. पण रूळच सलग उरले नसता दुसरा मार्ग कोणता?

या कामात विमानांना मदत झाली ती खुद्द त्या रेल्वेच्या नोकरांची. दिवसा जर्मनांच्या हुकमावरून खड्डे बुजवावयाचे आणि रात्री त्याच मार्गावर सांधे बिघडवावयाचे, असा दुहेरी संसार त्यांतील अनेकांनी केला. सापडले ते गोळीस बळी पडले किंवा छावण्यांत गेले. १९४६ साली रने क्लेमां यांनी या लोकांवर ‘ला बातॅय द्यू राय’ हा चित्रपट काढला, आणि त्यात पुष्कळ कामे खऱ्या रेल्वेवाल्यांनीच केली. आपल्या घरांवर पडलेले बॉम्ब आणि आपण स्वतः उखडलेले रूळ, हे दोन्ही एकाच कामाचे भाग होते, असे त्यांतील प्रत्येकास वाटले असेल काय? ज्याचे घर लोमच्या वसाहतीत होते, त्याला हे विचारण्याचे धाडस आमच्याच्याने झाले नसते.

सेर्कोचा सांधा आजही आहे. तेथून झिझोरकडे जाणारा मार्ग नव्याने विजेचा करून २०२१ साली मालगाड्यांसाठी खुला झाला, आणि ल हाव्र बंदरातील माल त्या वाटेने पॅरिसकडे जातो.